गडीमाणसांना नावं असतात

जिल्ह्याच्या गावात एका इतिहास मंडळानं जुन्या फोटोंची सूची केलीय. प्रत्येक फोटोला नंबर, मागं शिसपेन्सिलीची नोंद, वेगळं कागदी पाकीट. कष्ट घेतलेत, नाही म्हणत नाही. सूतगिरणीच्या सुट्टीला बेंबळीहून एसटीनं जाऊन मी ती पानन्‌पान वाचली. मी काही कॉलेजात शिकलेला समीक्षक नाही. पण कवितेची समीक्षा होते, मग सूचीची का नको? तिलाही लेखक असतो, आणि त्याला जात असते.

एक नोंद बघा. रात्रीची वरात. नवरदेव, त्याचा बाप, चुलते, सोयरे, सगळ्यांची नावं आडनावांसह. मोटार कुठल्या कंपनीची तेही लिहिलंय. शेवटी दोन शब्द : ‘व गडीमाणसं’. ही गडीमाणसं म्हंजे डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेले चौघं. त्यांच्याच बत्तीच्या उजेडात नवरदेवाचं तोंड दिसतंय!

मोबाइलवर काढून आणलेला तो फोटो मी आजीला दाखवला. चष्मा पुसून ती म्हणाली, “आरं, ह्यो तर माजा थोरला मामा.” दुसऱ्याचंही नाव तिनं बापाच्या नावासकट सांगितलं. मी परत मंडळात गेलो. टेबलामागचे गृहस्थ म्हणाले, “पुरावा काय?” मी विचारलं, नवरदेवाच्या चुलत्याचा पुरावा काय? तर म्हणे, घरच्यांनी सांगितलं.

मित्रांनो, इथंच सगळी मेख आहे. त्यांच्या घरच्यांनी सांगितलं तर इतिहास, माझ्या आजीनं सांगितलं तर ऐकीव गोष्ट!

ही रीत जुनी आहे. इंग्रज सरकारनं 1868 ते 1875 या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड काढले. त्यात माणसं मांडली ती जाती-जमातींचे नमुने म्हणून. साहेब गेला, पण त्याचं कपाट आपल्या लोकांनी तसंच ठेवलं.

आता दुसरा फोटो आठवा. राजगृह, फेब्रुवारी 1934. यशवंत, बाबासाहेब, रमाई, भावजय लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंद. आणि कुत्र्याचंही नाव आपल्याला ठाऊक आहे : टॉबी. फोटो असा जपायचा असतो.

पण आपण तरी काय करतो? आपल्या मोर्च्यांच्या फोटोखाली पुढारी नावानिशी आणि बाया ‘इतर महिला कार्यकर्त्या’. हेही ‘गडीमाणसं’च झालं की! ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी घरोघर जाऊन चळवळीतल्या बायांना बोलतं केलं, तेव्हा 1989 ला ‘आम्हीही इतिहास घडवला’ आलं. ते काम आपल्या गावात कोण करणार?

आपल्याच भागातल्या कसबे तडवळ्याला 22 आणि 23 फेब्रुवारी 1941 ला महार-मांग वतनदार परिषद झाली, बाबासाहेब आले होते. तेव्हाची पोरंसोरं आज नव्वदीला टेकलीत. थांबायला वेळ नाही.

म्हणून शाळेची वही घ्या, रकाने आखा. फोटो कुणाच्या घरचा, कधीचा, कुठला, डावीकडून कोण कोण, कुणी ओळखलं, कोणत्या तारखेला सांगितलं. दोघांनी वेगळी नावं सांगितली तर दोन्ही लिहा. ओळख पटली नाही तर तसं लिहा, जागा मोकळी ठेवा. थापा मारू नका, ते काम करणारे पुष्कळ आहेत.

माझ्या वहीत पहिली नोंद त्याच वरातीची आहे. चौघांतले दोघं नावानिशी, दोन जागा मोकळ्या. कुणाच्या म्हातारीला ओळख लागली तर कळवा.