होनाजीचे गोकुळ

उत्तर पेशवाईतील शाहीर होनाजी शिलारखाने याची ‘घनश्याम सुंदरा’ ही भूपाळी ‘अमर भूपाळी’ (१९५१) या चित्रपटामुळे घरोघर पोचली. तिचे स्थळ गोकुळ. परंतु कवीने व्रजभूमी डोळ्यांनी पाहिल्याची खूण तिच्यात आढळत नाही. यमुनेचे नाव वगळले, तर स्थळाची ओळख पटविणारा तपशील जवळजवळ नाहीच. पाखरे चरावयास उडतात, कापडी तीर्थाची वाट धरतो, सडासंमार्जन उरकून गोपी कडेवर घागरी घेऊन पाण्यास निघतात, कृष्णाला दहीभात खाण्यास विनविले जाते. ही पहाट मराठी अंगणातली आहे. होनाजी गवळ्याच्या घरचा. गोठ्यातली पहाट त्याला कल्पावी लागली नाही, कल्पावे लागले ते केवळ गोकुळ.

ज्या भूमीला स्वतःचा इतिहास आहे, तिचे स्वत्व अशा रचनेत पुसले जाते, हा आक्षेप निराधार नाही. व्रजाची बोली व तिथली माणसे येथे नाहीत. व्रजाचे वर्णन म्हणून ही भूपाळी वाचता येणार नाही. पण भूपाळीचे प्रयोजन स्थलवर्णन नव्हे, जागविणे हे आहे. आणि ज्याला जागवायचे, तो आपल्याच घरात निजलेला असावा लागतो. होनाजीची कल्पना गोकुळाकडे जात नाही; ती गोकुळाला घरी आणते.