८७ टक्के कशाचे? विमान तिकिटांच्या परताव्याचं एक पत्रक वाचताना

"पेपर क्रिटिकली वाचायचा म्हणजे नेमकं काय करायचं?" हा प्रश्न पीएचडीची तयारी करणारे बरेच जण विचारतात. आज पेपर बाजूला ठेवू आणि एक सरकारी पत्रक वाचू. भागाकार येत असेल तर पुरे.

आधी थोडी पार्श्वभूमी. एमएस्सीला असताना मी एका मुलाखतीसाठी बंगळुरूचं तिकीट काढलं होतं. एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊनमुळे ते रद्द झालं. गिरीजजवळचे आमचे एजंट काका म्हणायचे, "अगं, पैसे एअरलाइनकडे अडकलेत. आले की लगेच देतो." एअरलाइनला फोन केला की उत्तर यायचं, "एजंटशी बोला." काका खोटं बोलत होते असं मला आजही वाटत नाही. पर्यटन व्यवसायाची भूमिका तेव्हा हीच होती: आम्ही मधले, पैसे पुढे गेले.

१ ऑक्टोबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने 'प्रवासी लीगल सेल' खटल्यात परताव्याचे नियम घालून दिले. एअरलाइन अडचणीत असेल तर काही तिकिटांसाठी ३१ मार्च २०२१ पर्यंत 'क्रेडिट शेल'ची मुभा होती. पण एजंटकडे परतावा आला की त्याने तो प्रवाशाला ताबडतोब द्यायचा, हे स्पष्ट होतं.

आता पत्रक. जून २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 'यात्रा' या ऑनलाइन कंपनीला उरलेले परतावे देण्याचा आदेश दिला. त्यातले आकडे असे: २०२१ मध्ये ३६,२७६ बुकिंगचे २६,२५,८२,४८४ रुपये बाकी होते. २१ जून २०२४ ला ४,८३७ बुकिंगचे २,५२,८७,०९८ रुपये उरले. आणि पुढे म्हटलंय की कंपनीने एकूण रकमेपैकी सुमारे ८७ टक्के परत केले, १३ टक्के बाकी आहेत.

थांबा. कॅल्क्युलेटर काढा.

उरलेली रक्कम भागिले मूळ रक्कम केलं तर ९.६ टक्के येतात, १३ नाही. मग १३ आले कुठून? ४,८३७ भागिले ३६,२७६ करून बघा: १३.३ टक्के. म्हणजे ती टक्केवारी बुकिंगची निघते, पण वाक्यात 'रकमेची' म्हणून आली आहे. चूक छोटी आहे आणि इथे ती कंपनीच्या विरोधातच जाते. पण टक्केवारी दिसली की पहिला प्रश्न ठरलेला असू द्या: छेदात काय आहे?

दुसरा भागाकार जास्त बोलका आहे. सुरुवातीला एका बुकिंगमागे सरासरी ७,२३८ रुपये बाकी होते. शेवटी उरलेल्यांची सरासरी ५,२२८ रुपये. म्हणजे मागे राहिलेली बुकिंग्ज सरासरीने लहान रकमेची आहेत. का? मोठ्या रकमेवाल्यांनी पाठपुरावा जास्त केला असेल. लहान रकमेवाल्यांनी नाद सोडला असेल, किंवा त्यांचे फोन-बँक तपशील बदलले असतील. यातलं कुठलंही कारण या आकड्यांवरून सिद्ध होत नाही, हेही लिहून ठेवा. सरासरी प्रश्न दाखवते, उत्तर देत नाही.

आदेशाचं कौतुकही करायला हवं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर पाच माणसं बसवून उरलेल्या प्रवाशांना फोन करायचे आणि खर्च कंपनीने उचलायचा, असं त्यात आहे. 'प्रवासी मागायला आला तर देऊ' इथून 'तुम्ही प्रवाशाला शोधा' इथपर्यंत जबाबदारी सरकली, हे मोठंच. पण कोण किती महिने थांबलं, हे त्या पत्रकात नाही. आणि प्रवाशाचं खरं नुकसान तिथेच असतं. चार वर्षांनी मिळालेले पाच हजार हे तेच पाच हजार नसतात.

व्यवसायाचा 'पैसे पुढे अडकलेत' हा दावा तपासायलाही तारखा लागतात: एअरलाइनकडून पैसे कधी आले आणि प्रवाशाला कधी गेले. या दोन तारखा शेजारी ठेवल्या की काकांची बाजू खरी की माझी, हे भांडणाशिवाय कळेल. या दोन तारखांचा रकाना मागणं हाच खरा संशोधनाचा प्रश्न.

माझे पैसे? ते आले, सव्वा वर्षाने. मुलाखत तर ऑनलाइनच झाली.

आता तुमचा गृहपाठ: आजच्या पेपरातली कुठलीही एक टक्केवारी घ्या आणि तिचा छेद शोधा.