'लोकल हीरो'चें संगीत

बिल फोर्सिथच्या 'लोकल हीरो' (१९८३) या विनोदी बोलपटांत स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील खेडूत आपलें अख्खें गांव अमेरिकन तेलकंपनीला विकावयास निघतात. किमतीच्या आशेनें बहुतेक सारे हरखलेले. हळहळतें तें एकट्या मार्क नॉफ्लरचें संगीत. त्याच्या गिटारच्या संथ स्वरांत केल्टिक लोकगीतांचा हेलकावा आहे. हा गोडवा कोठें कोठें विनोदाची धार बोथट करतो, हें खरें. परंतु आम्हां इंदापूरकरांना तो दोष वाटूं नये. उजनीच्या पाण्याखालीं गेलेलें पळसदेवचें देऊळ कडक उन्हाळ्यांत उघडें पडतें, तेव्हां ज्यांचा मोबदला केव्हांच संपला, ते वृद्धहि कांठाशीं जाऊन उभे राहतात. बोलपटाच्या अखेरीस अमेरिकन नायक आपल्या शहरीं परततो. खेड्यांतला टेलिफोन एकटाच वाजूं लागतो, आणि तेथें नॉफ्लरचें संगीत उसळून उठतें.