तापमापक टांगायचा कोठे?

कार्यालयातील उकाडा मोजायचा म्हणजे दाराजवळच्या भिंतीवर एक तापमापक टांगायचा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. अलीकडे तापमापकाची जागा संवेदकाने घेतली आणि आकडे आपोआप संगणकावर उमटू लागले. समजूत मात्र तीच राहिली. तिची, आणि तिच्यामागे उभ्या केल्या जाणाऱ्या मानकांचीही, चिकित्सा करणे आम्हाला आवश्यक वाटते.

माणसाला सुखद वाटणे हे केवळ हवेच्या तापमानावर अवलंबून नसते. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ फँगर यांच्या १९७० सालच्या ग्रंथात सहा घटक येतात : हवेचे तापमान, भोवतालच्या पृष्ठभागांचे प्रारण, वाऱ्याचा वेग, आर्द्रता, कपडे आणि शरीराचे श्रम. भिंतीवरचा संवेदक यांपैकी पहिला आणि फार तर आर्द्रता मोजतो.

सांगलीतील एखादे गच्चीखालचे कार्यालय डोळ्यांपुढे आणा. एप्रिलच्या दुपारी तापलेला स्लॅब डोक्यावर उष्णता ओतत असतो. दाराजवळच्या आकड्यात तिचा पुरता पत्ता लागत नाही. उलट पंखा लावला, की घाम सुकून माणसाला बरे वाटते. कोरडा तापमापक मात्र जवळजवळ तोच आकडा दाखवतो.

मानकांना हे ठाऊक नाही, असे नाही. ‘अ‍ॅश्रे’ या अमेरिकन संस्थेचे ५५ क्रमांकाचे मानक सांगते, की माणसे बसतात तेथे मोजावे, जमिनीपासून ०.१, ०.६ आणि १.१ मीटरवर, म्हणजे घोटा, कंबर आणि डोके यांच्या पातळीवर. नियम उत्तम आहे. बसण्याच्या जागा ठाऊक नसतील तर खोलीचा मध्य आणि भिंतींपासून १ मीटर आतील ठिकाणे घ्यावीत, असेही ते सांगते. अडचण येथे येते. आपल्याकडे खोलीच्या मध्यावर बहुधा पंखा असतो! तेथला वारा कोपऱ्यातल्या कारकुनाच्या वाट्याला येत नाही. शिवाय पंखा हवा ढवळतो, त्यामुळे वरच्या-खालच्या तापमानातील फरक घटतो. म्हणून संवेदक तीनच असतील, तर ते एका खांबावर तीन उंचींवर लावण्यापेक्षा तीन टेबलांशी ०.६ मीटरवर लावावेत : एक पंख्याखाली, एक पश्चिमेच्या खिडकीशी (ऊन थेट पडणार नाही असा), एक कोपऱ्यात. प्रत्येक ठिकाणी वाऱ्याचा वेगही मोजावा.

साताऱ्याला सह्याद्री जवळ, पाऊस अधिक. जुलैत खिडक्या मिटल्या, की उकाड्यापेक्षा कोंदटपणा जाचतो. तेव्हा आतल्या टेबलांशी आर्द्रता आणि कार्बन डायऑक्साइड मोजणे उपयोगाचे. प्रश्न बदलला, की जागाही बदलते.

अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने २०१४ साली मांडलेले भारतीय प्रतिमान या दृष्टीने स्वागतार्ह आहे. अहमदाबाद, बंगळूर, चेन्नई, दिल्ली आणि सिमला येथील १६ कार्यालयीन इमारतींतून ६,३३० उत्तरे त्यासाठी गोळा झाली. माणसाजवळचे मोजमाप आणि ‘तुम्हाला कसे वाटते?’ हा प्रश्न, दोन्ही एकाच वेळी, हे त्याचे बळ. महाराष्ट्रातील एकही गाव त्यात नाही, ही उणीव. सातारा-सांगलीसाठी ते आकडे आधार म्हणून घ्यावेत, पण येथल्या माणसांना विचारणे त्यामुळे टळत नाही.

भिंतीवरचा आकडा ठीक दिसला, की कर्मचाऱ्याची तक्रार कुरकुर ठरते. तो चढला, की वातानुकूलन यंत्राची मागणी होते. गच्चीला पांढरा रंग द्यावा किंवा टेबल हलवावे, हे त्या आकड्यातून सुचतच नाही.

शिक्षकांना हे वर्गात पडताळता येईल. दोन तापमापक शेजारी ठेवून ते सारखाच आकडा दाखवतात ना, हे आधी पाहावे. मग एकाचा फुगा काळ्या रंगवलेल्या टेबल टेनिसच्या चेंडूत बसवावा. वरच्या मजल्यावरील वर्गात, पंखा बंद ठेवून, दुपारी दोन्हींची नोंद घ्यावी आणि विद्यार्थ्यांना कसे वाटते तेही त्याच तक्त्यात लिहावे. नंतर पंखा लावून पुन्हा नोंदी घ्याव्यात. दोन आकड्यांतील फरक स्लॅबबद्दल बरेच काही सांगेल.