पोस्ट ऑफिसची उपमा आणि तांदळाचा दाणा

गॉल्गी संकुल म्हणजे पेशीचं पोस्ट ऑफिस, असं तुम्हीही शाळेत शिकला असाल. प्रथिनं तिथे येतात, पत्ता वाचला जातो आणि ती पुढे रवाना होतात. उपमा सोपी आहे, पण तांदळाच्या दाण्यापाशी तोकडी पडते.

या दाण्यात दोन मुख्य साठवण-प्रथिनं असतात. ग्लुटेलिन गॉल्गीतून रिक्तिकेत जाऊन साठतं. प्रोलामिन मात्र गॉल्गीची पायरीही चढत नाही. आंतर्द्रव्यजालिकेतच त्याचे गोळे होतात. गंमत म्हणजे, दोघांचे एमआरएनएसुद्धा या जालिकेच्या वेगवेगळ्या भागांवर जाऊन बसतात, असं २००० साली ‘नेचर’मधल्या एका शोधनिबंधाने दाखवलं. म्हणजे पत्र लिहायच्या आधीच, ते कुठे बसून लिहायचं हे ठरलेलं!

हा नुसता शब्दांचा कीस नाही. ग्लुटेलिन आपल्याला चांगलं पचतं, प्रोलामिनचे गोळे नीट पचत नाहीत. त्यामुळे ‘तांदळात प्रथिन वाढवलं’ असं कुणी म्हटलं, की ते कुठल्या कप्प्यात वाढलं, हे विचारायलाच हवं. पोस्ट ऑफिसचं चित्र तो प्रश्न सुचूच देत नाही.

शाळेत ही उपमा चालेल. एम.एस्सी.च्या वर्गातही तीच फळ्यावर येते, तेव्हा मात्र खटकते.