पर्सीक्रॉसचे मतदार

कादंबरीकारानें राजकारणांत पडावें कीं नाहीं, हा वादाचा प्रश्न आहे. परंतु तो पडला आणि हरला, तर साहित्याचा कांहीं लाभ होतो, असें अँथनी ट्रोलॉपच्या उदाहरणावरून म्हणावयास हरकत नाहीं. १८६८ सालच्या नोव्हेंबरांत यॉर्कशायर परगण्यांतील बेव्हर्ली या लहान शहरांतून हा विख्यात आंग्ल कादंबरीकार लिबरल पक्षातर्फे पार्लमेंटसाठीं उभा राहिला, चार उमेदवारांत चवथा आला, आणि चारशें पौंड खर्चून घरीं परतला. त्या पंधरवड्याची कडवट आठवण त्याच्या आत्मचरित्रांत आहे. तें त्याच्या मृत्यूनंतर १८८३ सालीं प्रसिद्ध झालें. परंतु त्या अनुभवाचें मोठें फळ म्हणजे 'राल्फ द एअर' ही १८७१ सालची कादंबरी. तींत बेव्हर्लीनें पर्सीक्रॉस हें नांव घेतलें आहे. एखाद्या मतदारसंघाचें सत्य चौकशीच्या अहवालांत अधिक सांपडतें कीं कादंबरींत, हा प्रश्न या पुस्तकानें उभा केला आहे. त्याचा विचार येथें कर्तव्य आहे.

प्रथम इतिहास पाहूं. सोळाव्या शतकापासून बेव्हर्ली पार्लमेंटांत दोन सभासद पाठवीत असे. १८३२ च्या सुधारणेच्या कायद्यानें अनेक ओसाड 'बरो' नाहींसे झाले, पण बेव्हर्लीच्या दोन्ही जागा टिकल्या. आणि त्यांबरोबर 'फ्रीमन' म्हणजे शहराचे जुने हक्कदार नागरिक यांचा मताचा अधिकारहि टिकला. हा अधिकार पुष्कळांस जन्मानेंच मिळे. आपल्याकडील वतनदार जसा वतनाकडे पाही, तसे हे लोक मताकडे पाहत. वतन म्हटलें कीं त्याचें उत्पन्न आलेंच! १८६७ च्या कायद्यानें मतदारांची संख्या वाढली, पण जुनी रीत नव्या मतदारांनींहि उचलली.

१८६८ च्या निवडणुकींत हुजूरपक्षाचे एडवर्ड्स व केनर्ड यांस अनुक्रमें ११३२ व ९८६ मतें मिळालीं. लिबरल पक्षाच्या मॅक्सवेलला ८९५ व ट्रोलॉपला ७४० मिळालीं. पुढें तक्रारीचा अर्ज झाला. असे अर्ज पार्लमेंटच्या समितीऐवजीं न्यायाधीशांपुढें चालावेत, असा कायदा नुकताच झाला होता. त्याप्रमाणें १८६९ सालीं बॅरन मार्टिन यांनीं ही निवडणूक रद्द ठरविली. मागोमाग राजाज्ञेनें चौकशीमंडळ बसलें, आणि १८७० सालीं पार्लमेंटनें बेव्हर्लीचा प्रतिनिधित्वाचा हक्कच काढून घेतला. त्याच वर्षीं ब्रिजवॉटर शहरावरहि हीच पाळी आली. आंग्ल राज्यघटनेवर ग्रंथ लिहिणारा वॉल्टर बॅजट हा त्या ब्रिजवॉटरांत १८६६ सालीं पराभूत झाला होता, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. घटनेचा भाष्यकार व समाजाचा चित्रकार, दोघांसहि असल्या शहरांनीं नापसंत केलें!

आतां कादंबरीकडे वळूं. पराभूत उमेदवारानें लिहिलेल्या पुस्तकांत सूडाचा वास येण्याचा संभव असतो. या पुस्तकांत तो येत नाहीं, हा त्याचा पहिला गुण होय. ट्रोलॉपनें आपला अनुभव दोन पात्रांत विभागला आहे. आपला सर्व उबग त्यानें सर टॉमस अंडरवुड या हुजूरपक्षाच्या उमेदवारास दिला. हा एकांतप्रिय कायदेपंडित दारोदार हिंडून लाजतो, पैसा वांटूं नका म्हणतो, निवडून येतो, आणि शेवटीं दुसऱ्यांच्या पापानें जागा गमावतो. आपला आशावाद मात्र ट्रोलॉपनें ऑन्टॅरिओ मॉग्स या मोची-व्यापाऱ्याच्या जहाल मुलास दिला. मजुरांचे हक्क व निवडणुकीची शुद्धता यांवर तो तळमळीनें बोलतो आणि हरतो. शत्रुपक्षाच्या विजयी माणसाच्या अंगांत शिरून त्याची लाज अनुभवणें, हें सामान्य लेखकाचें काम नव्हे.

दुसरा गुण म्हणजे दुष्टपणाचें चित्र काढतांना त्यानें दुष्ट माणूस शोधला नाहीं. डिकन्सनें पिकविकच्या कथेंत ईटनस्विलची निवडणूक रंगविली आहे. तिच्यावर आपण पोट धरून हंसतों, आणि हंसलों म्हणजे सुटलों असें वाटतें. पर्सीक्रॉसमध्यें तशी सुटका नाहीं. ग्रिफेनबॉटम हा तेथील जुना सभासद. त्यानें या जागेपायीं द्रव्य व प्रकृति दोन्ही झिजविलीं आहेत, आणि संधिवातानें कण्हत तो मतें मागत फिरतो. लांच देणारा हा इसम पाहून तिरस्काराहून अधिक कींवच येते. पाइल नांवाचा म्हातारा मोची तर 'शुद्धता' हा शब्द ऐकतांच चिडतो. श्रीमंतानें गरिबाच्या हातावर कांहीं ठेवावें, हीच त्याच्या लेखीं जुनी, दिलदार रीत! भ्रष्टाचार हा लोभानेंच टिकत नाहीं, निष्ठेनेंहि टिकतो, हें अहवालाच्या कोणत्याहि रकान्यांत न मावणारें सत्य पाइलच्या मुखानें प्रकट झालें आहे.

दोषहि स्पष्ट सांगितले पाहिजेत. राल्फच्या कर्जाची व लग्नाची मुख्य कथा निवडणुकीच्या कथेस नीट सांधली गेलेली नाहीं. खुद्द ट्रोलॉपनेंहि ही आपली एक अत्यंत वाईट कादंबरी असें म्हटलें आहे. पण याहून मोठा दोष दृष्टीचा आहे. मत विकणाऱ्याच्या दारापर्यंत तो आपणांस नेतो. घरांत नेत नाहीं. त्या काळीं मत उघड द्यावें लागे, आणि कोणीं कोणास मत दिलें याच्या याद्या छापून निघत. घरमालक, गिऱ्हाईक, कारखानदार या सर्वांच्या नजरेखालीं मत देणाऱ्या गरिबाजवळ स्वातंत्र्य होतेंच किती? भीतीनें फुकट द्यावयाचें मत त्यानें पैसे घेऊन दिलें, तर त्याचा अपराध कोणत्या मापानें मोजावा? हा प्रश्न कादंबरींत उमटत नाहीं, आणि त्याचें कारण आत्मचरित्रांत सांपडतें. बेव्हर्लीचे लोक त्याच्याकडे गुप्त मतदानाची मागणी करीत होते, आणि ट्रोलॉपला गुप्त मतदानाचा मनापासून तिटकारा होता. असला आडपडदा थोर राष्ट्रास शोभत नाहीं, असें त्याचें मत. रोग त्यानें अचूक ओळखला, पण रोगी औषध मागत असतां त्यानें तोंड फिरविलें. ज्या शहरास त्यानें नीतिशून्य ठरविलें, त्या शहरास या एका बाबतींत त्याच्याहून अधिक कळत होतें.

पार्लमेंटनेंहि प्रथम शिक्षाच दिली. १८७० च्या कायद्यानें पैसे घेणारा व न घेणारा, दोघांच्याहि शहराचा हक्क गेला. आपण एका तरी गांवांतील ही घाण संपविण्यास हातभार लावला, याचें ट्रोलॉपला समाधान वाटलें. त्या घाणींत निर्मळ राहिलेल्या मतदाराचें काय झालें, हें त्यानें विचारलें नाहीं. खरा उपाय नंतर आला: १८७२ सालीं गुप्त मतदान, आणि १८८३ सालीं निवडणूक-खर्चास कायद्याची मर्यादा.

पुढें सीमा अनेकदां बदलल्या. बेव्हर्लीचें नांव १९५० सालीं मतदारसंघास पुन्हां मिळालें, १९५५ सालीं पुसलें गेलें, १९८३ सालीं परत आलें, आणि १९९७ पासून तें होल्डरनेस या नांवाशीं जोडलें गेलें आहे. २०२४ सालीं तेथील जागा अवघ्या १२४ मतांनीं राखली गेली. जेथें एके काळीं मतें भावानें मोजलीं जात, तेथें तीं अखेर एकेक करून मोजावीं लागलीं!

सारांश, पर्सीक्रॉस समजून घेण्यास अहवाल व कादंबरी दोन्ही हवींत. पैसा कोणाच्या हातून गेला हें अहवाल सांगतो. देणाऱ्याच्या मनांत काय चाललें होतें हें ट्रोलॉप सांगतो. घेणाऱ्याच्या मनाची कथा मात्र त्याच्या हातून लिहिली गेली नाहीं. तरीहि पराभवानंतर इतक्या समतोल मनानें लिहिलेली दुसरी राजकीय कथा सहसा आढळत नाहीं, म्हणून निवडणुकींच्या या युगांत प्रत्येक मतदारानें ती एकदां अवश्य वाचावी.