'अमृतवेल'मधील जखमा : उपदेश आणि श्रवण

वि. स. खांडेकरांची 'अमृतवेल' १९६७ साली प्रसिद्ध झाली. वाचकांनी ती उदंड वाचली; समीक्षेने तिची दखल त्या मानाने फारच कमी घेतली. ध्येयवाद, भावविवशता, सुभाषितप्रचुर भाषा हे खांडेकरांवरील ठरलेले आक्षेप या कादंबरीवरही नोंदवले की आपले काम संपले, असा काहीसा समज दिसतो. हे आक्षेप निराधार नाहीत. मात्र मानसिक आघातातून सावरणे हे आशयसूत्र मध्यवर्ती ठेवून प्रेमकथा रचण्याचा हा मराठीतील एक ठळक प्रयत्न आहे, आणि त्यादृष्टीने तो तपासला पाहिजे. प्रेमाने जखम भरते, असे ही कादंबरी म्हणते. कोणाची जखम, कोणाच्या प्रेमाने आणि कोणत्या भाषेत, हे प्रश्न मात्र ती विचारत नाही. ते आपल्यालाच विचारावे लागतात.

शेखरच्या अपघाती मृत्यूने नंदाचे आयुष्य विवाहाच्या उंबरठ्यावरच कोसळते. जगण्याची इच्छा हरवलेली ही तरुणी मैत्रीण वसुंधरा हिच्या घरी सोबतीसाठी जाते. वसुंधरेचा पती देवदत्त हा रसिक, बुद्धिमान, व्यसनाधीन आणि आतून उद्ध्वस्त झालेला पुरुष. बालपणी आईच्या संदर्भात झालेला घाव त्याने प्रौढ वयातही उराशी जपला आहे. नंदा आणि देवदत्त यांच्यात निर्माण होणाऱ्या ओढीला खांडेकर प्रणयाच्या वाटेने जाऊ देत नाहीत. तिचे निरपेक्ष स्नेहात उन्नयन करतात. कादंबरीचे नैतिक वजन या उन्नयनावर तोललेले आहे.

येथे एक विषमता लक्षात येते. देवदत्ताच्या जखमेला श्रोता मिळतो. त्याने बोलावे आणि नंदाने ऐकावे, यासाठी कादंबरी अवकाश राखून ठेवते. नंदाच्या जखमेला मिळते ते उत्तर. वडिलांच्या ज्या पत्रातील स्वप्नांविषयीचा मजकूर पिढ्यान् पिढ्या वह्यांतून उतरवला गेला, ते पत्र याचे उत्तम उदाहरण आहे. पत्र सुंदर आहे, वडिलांचे वात्सल्यही खरे आहे. तरीही ते नंदाच्या शोकाला पूर्ण उच्चार मिळण्याआधीच त्याचा अर्थ लावून मोकळे होते. दुःख काय आहे हे पुरते कळण्यापूर्वी दुःखाचे काय करावे हे सांगितले जाते. ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये आघातोत्तर सावरण्याचे तीन टप्पे मांडले: सुरक्षितता, स्मरण व शोक, आणि माणसांशी पुन्हा नाते जोडणे. या मांडणीच्या उजेडात पाहिले, तर नंदा पहिल्या टप्प्यावरून जवळजवळ थेट तिसऱ्यावर पोहोचते. मधला टप्पा सुभाषिताने भरून काढला जातो. १९६७ च्या कादंबरीला १९९२ ची फूटपट्टी लावणे अन्यायाचे ठरेल, असे कोणी म्हणेल. पण देवदत्ताच्या बाबतीत खांडेकरांना हा मधला टप्पा उमगलेला आहेच; म्हणूनच नंदाच्या बाबतीतील त्याची अनुपस्थिती खटकते.

लाखांदूर–पवनी भागातून पदव्युत्तर वर्गात येणारे विद्यार्थी ही कादंबरी वाचतात, तेव्हा हा फरक वेगळ्या रीतीने जाणवतो. भाऊबीजेनंतर मंडईच्या दिवसांत गावोगाव होणारी झाडीपट्टीची नाटके त्यांच्या कानात मुरलेली असतात. रात्री उशिरा पडदा उघडावा आणि पहाटेपर्यंत प्रयोग चालावा, अशी ही रंगभूमी. तिचे व्यावसायिक केंद्र असलेले वडसा लाखांदूरहून दूर नाही. तेथील कौटुंबिक नाटकांत टाकलेली सून किंवा फसवली गेलेली बहीण आपले दुःख भर मंडपात, गावासमोर, गाण्यासह सांगते. भडकपणा असतो, योगायोगही असतात. नागर समीक्षक नाक मुरडतील असे पुष्कळ असते. पण दुःखाला ऐकणारे कान असावेत, हा संकेत ती रंगभूमी सहसा मोडत नाही. मंडपातला प्रेक्षक हुंदका देतो, तेव्हा तो सल्ला देत नसतो. अशा श्रवणसंस्कारातून आलेल्या वाचकाला नंदाचे मौन अधिक मोठे वाटले तर नवल नाही.

'ययाति'शी (१९५९) तुलना केल्यास प्रश्न आणखी तीव्र होतो. मृत्यूच्या भयावर ययाति स्त्रीसंगाचा उतारा शोधतो आणि त्यातून केवळ इतरांच्या जखमा वाढवतो. प्रेमाचा औषध म्हणून केलेला वापर तेथे खांडेकरांनीच निकालात काढला होता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा या तिघांनाही त्या कादंबरीत प्रथमपुरुषी निवेदन मिळाले आहे. राजकन्येची दासी झालेली शर्मिष्ठा आपला अपमान स्वतःच्या तोंडाने सांगते. देवयानीचा अहंकारही, कचाने नाकारल्याच्या वेदनेसकट, तिच्याच शब्दांत येतो. कचाने प्रणय नाकारून स्नेह देऊ केला, म्हणून देवयानी आयुष्यभर धुमसली. 'अमृतवेल'मध्ये हेच उन्नयन उपचार ठरते. आठ वर्षांत एकाच लेखकाच्या हातून जखमेचे औषध झाले. त्याची किंमत मात्र कोठेच मांडलेली नाही.

जॅनिस रॅडवे यांनी १९८४ च्या आपल्या अभ्यासात असे दाखवले, की प्रणयकादंबऱ्या वाचणाऱ्या अमेरिकन स्त्रिया कठोर नायकाच्या हळुवार होण्यात स्वतःला न मिळालेली जोपासना शोधतात. त्या सूत्रात निदान अखेरीस नायिकेची काळजी घेतली जाते. खांडेकरांच्या कादंबरीत काळजी घेण्याचे काम नंदाकडेच राहते. दुसऱ्याला सावरता सावरता ती सावरते, ही कल्पना मानसशास्त्रीयदृष्ट्या अशक्य नाही आणि कित्येक स्त्रियांच्या अनुभवाशी जुळणारीही आहे. मात्र वस्तुस्थिती म्हणून ती सांगणे वेगळे आणि आदर्श म्हणून गौरवणे वेगळे.

शीर्षकातील प्रतिमेकडेही थोडे लक्ष द्यावयास हवे. स्वतःपुरत्या प्रीतीची वेल इतरांपर्यंत वाढत जावी, हा तिचा कादंबरीतील अभिप्रेत अर्थ. आपल्याकडे अमृतवेल म्हणजे गुळवेलही. ती कडू असते. झाडावर चढते, आणि कडुनिंबावर चढलेली अधिक गुणकारी मानली जाते. खांडेकरांनी या प्रतिमेतील अमृत घेतले, कडवटपणा वगळला, आणि वेलीला आधार देणाऱ्या झाडाचा विचार केला नाही. देवदत्ताची वेल नंदाच्या आधाराने वाढते, असेही कोणी वाचू शकेल.

आणि वसुंधरा? संशय, एकटेपणा आणि पतीच्या तुटलेपणाचा रोजचा मार सोसणारी ती तिसरी जखमी व्यक्ती. नंदा तिच्या सोबतीसाठी त्या घरात आलेली असते. पण कादंबरीचे कुतूहल लवकरच देवदत्ताकडे वळते. जिच्यासाठी सोबत आणली, तीच सोबतीवाचून राहते. देवयानीला मिळालेले प्रथमपुरुषी निवेदन वसुंधरेला मिळाले असते, तर त्या घरातील रात्री आपल्याला तिच्या खोलीतून दिसल्या असत्या, आणि देवदत्त नंदापाशी मन मोकळे करीत असताना ती काय ऐकत होती, हेही कळले असते.